आपली मुळाक्षरे आणि जपानीचा श्रीगणेशा

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत पाऊल टाका, मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर असायचाच. अ अननसाचा, आ आईचा, क कमळाचा. त्याचे कोपरे दुमडलेले असतात, पावसाळ्यात त्याला ओल लागते, आणि रोज पाहून पाहून गुरुजींचे आणि मुलांचे त्याच्याकडे लक्षही जात नाही. आज त्या तक्त्याकडेच जरा निरखून पाहू या. कारण कोणाला जपानी शिकावयाचे असेल तर त्याची सुरुवात याच तक्त्यापासून होते. मी हे केवळ कौतुकाने म्हणत नाही. जपानातील मुलांच्या तक्त्याचा क्रम आणि आपल्या तक्त्याचा क्रम यांचे मूळ एकच आहे, आणि ते कसे हा इतिहासाचा विषय आहे.

जपानीच कशाला, असे एखादे आजोबा विचारतील. कारण अगदी घरचे आहे. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान या दोन देशांत एक करार झाला. त्यानुसार ठरावीक धंद्यांत कौशल्य असलेल्या आपल्या तरुणांना जपानात काम करण्याची वाट मोकळी झाली. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, यंत्रकाम अशी ती कामे. अट दुहेरी आहे : कामाची परीक्षा आणि बेताच्या जपानी भाषेची परीक्षा. तेव्हापासून आडगावातली मुलेमुलीही विचारू लागली आहेत की, "गुरुजी, जपानी आम्हांला जमेल का? आमचे इंग्रजीच कच्चे आहे."

या प्रश्नातच एक गैरसमज दडला आहे. परदेशी भाषेचे दार इंग्रजीतूनच उघडते, असे आपण धरून चालतो. ज्याचे इंग्रजी कच्चे त्याला जग बंद, ही समजूत आपल्या मुलांच्या मनात इतकी घट्ट बसली आहे की ती पहिली पायरीही चढत नाहीत.

समजूत उगीच झालेली नाही, हे मात्र खरे. गेल्या सव्वाशे वर्षांत जपान महाराष्ट्रात आला तो बहुतेक इंग्रजीतून. १९०४-०५ साली जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हा आपल्याकडच्या सुशिक्षितांत केवढे चैतन्य आले! आशियातला एक देश युरोपातल्या बलाढ्य सत्तेला नमवतो, ही वार्ता वर्तमानपत्रांनी घरोघर पोहोचवली. स्वदेशीच्या त्याच दिवसांत पैसा फंडाच्या वर्गणीतून तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. त्याची जबाबदारी घेणारे ईश्वरदास वार्ष्णेय काचकामाची विद्या शिकायला जपानात जाऊन आले होते. अण्णासाहेब कर्वे यांची गोष्ट तर आपल्या शिक्षकवर्गास ठाऊकच असेल. तोक्योत १९०१ साली नारुसे जिन्झो यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले होते. त्याची माहितीपुस्तिका अण्णांच्या हाती आली, त्यांनी ती वाचली, आणि १९१६ साली हिंगण्यास आपल्या महिला विद्यापीठाचा पाया घातला. पुढे शिरीष पै यांनी हायकू हा तीन ओळींचा काव्यप्रकार मराठीत रुजवला, तोही इंग्रजी भाषांतरांच्या ओळखीतून. या सगळ्यांनी जपानकडून पुष्कळ घेतले. पण मध्ये दुभाषा होता.

त्या दुभाषाच्या आधी, हजार-बाराशे वर्षांपूर्वी, दुसरी एक वाट होती. तिच्यावरून माल उलट्या दिशेने गेला, आणि तो माल म्हणजे अक्षरे.

तिचा माग काढायला मुरबाड तालुक्यातूनच निघू या. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे गाव लागते. तिथून नाणेघाटाची चढण सुरू होते. आपल्यापैकी अनेकांनी ती चढलेली असेल, निदान पावसाळ्यात सहलीला आलेल्या मुंबईकरांना वाट दाखवली असेल. माथ्याजवळ कातळात कोरलेली गुहा आहे, आणि तिच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा शिलालेख आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानतात. यज्ञात दिलेल्या गाईंचे आणि नाण्यांचे आकडे त्यात कोरले आहेत, आणि अंकांच्या इतिहासात त्या आकड्यांना मोठा मान आहे. पायथ्याच्या गावच्या माणसाला ती अक्षरे वाचता येत नाहीत, पण त्याच्या पोराच्या वहीतली अक्षरे त्यांचीच वंशज आहेत.

ब्राह्मी लिपी शतकाशतकाने बदलत गेली. उत्तरेत तिची गुप्तकालीन लिपी झाली, आणि त्या लिपीपासून सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास 'सिद्धमातृका' नावाची वळणदार लिपी निघाली. या लिपीला दोन मोठ्या वाटा फुटल्या असे समजा. एक वाट इथेच राहिली, नागरी झाली, देवनागरी झाली, आणि आज तुमच्या फळ्यावर आहे. दुसरी वाट बौद्ध भिक्षूंच्या झोळीतून, पोथ्यांच्या गठ्ठ्यातून चीनला गेली आणि तिथून समुद्र ओलांडून जपानात पोहोचली. जपानात तिला 'शित्तान' म्हणतात. 'सिद्धम्' या आपल्याच शब्दाचे ते जपानी रूप.

ही अक्षरे नेणाऱ्यांपैकी दोघांची नावे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिला बोधिसेन. हा दक्षिण भारतातला भिक्षू चीनमार्गे इ. स. ७३६ मध्ये जपानात उतरला. नारा येथे बुद्धाची प्रचंड ब्राँझमूर्ती घडवली गेली, तेव्हा ७५२ साली तिचे डोळे रेखण्याचा मान त्याला मिळाला. आपल्याकडे मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, तसाच हा विधी. कुंचल्याला लांबच लांब दोऱ्या बांधल्या होत्या, आणि जमलेले लोक त्या दोऱ्या धरून उभे होते, म्हणजे डोळे रेखण्याचे पुण्य सर्वांना लाभावे. तो कुंचला नारा येथील शोसोइन या भांडारात आजही जपून ठेवला आहे. बोधिसेन पुन्हा मायदेशी आला नाही. तो तिथेच ७६० साली वारला.

दुसरा कूकाई, हा जपानीच. ८०४ साली तो चीनला गेला. तिथे चांगआन राजधानीत प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूपाशी बसून तो संस्कृत शिकला आणि ८०६ साली पोथ्या घेऊन परतला. पुढे कोया पर्वतावर त्याने मठ उभारला. त्याच्या पंथात 'अ' या एका अक्षराचे ध्यान करतात. समोर चंद्रबिंबात कमळ, कमळावर सिद्धम् लिपीतला 'अ', आणि त्याच्याकडे एकाग्र पाहत बसायचे. जपानात स्मशानांत लाकडी फळ्या उभ्या करतात, त्यांवरही ही भारतीय अक्षरे काढलेली असतात. आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतो ना, ती सरस्वतीसुद्धा तिथे 'बेन्झाइतेन' या नावाने वाद्य घेऊन बसली आहे.

आता मुख्य गोष्ट. जपानी माणसे लिहायला शिकली ती चिनी चित्राक्षरांनी. पण चिनी अक्षर मुख्यतः अर्थ दाखवते, आणि जपानी भाषेला तर प्रत्यय, क्रियापदांची रूपे लिहावयाची होती. तेव्हा त्यांनी चिनी अक्षरे झिजवून, तोडून उच्चारांची साधी चिन्हे केली. ही चिन्हे म्हणजे 'काना'. ती दोन तऱ्हेची, हिरागाना आणि काताकाना. चिन्हे चिनी वंशाची, यात शंका नाही. पण ती लावावी कोणत्या क्रमाने? इथे संस्कृत शिकलेले भिक्षू कामी आले. त्यांना आपली वर्णमाला पाठ होती. उच्चार तोंडात कुठे होतो त्यावरून अक्षरे लावण्याची युक्ती त्यांना माहीत होती. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या एका हस्तलिखितात उच्चारांचा असा तक्ता सापडतो. त्यात क्रम अजून डळमळीत आहे. त्याच शतकात म्योगाकू नावाच्या भिक्षूने उच्चारशास्त्रावर ग्रंथ लिहिले, आणि हळूहळू तक्ता ठाकठीक होत गेला. त्याला 'गोजूओन' म्हणतात, म्हणजे पन्नास ध्वनी.

स्वर पाहा : अ, इ, उ, ए, ओ. आपल्या स्वरांतून दीर्घ आणि जोडस्वर काढले की उरतात ते हेच, आणि याच क्रमाने.

व्यंजनांचा खेळ वर्गात जरूर करून पाहा. फळ्यावर क पासून ळ पर्यंत अक्षरे लिहा. जपानीत ख, घ, छ, झ असे महाप्राण नाहीत, ते पुसा. ग, ज, द, ब यांना जपानीत वेगळे चिन्ह नाही, क-च्या चिन्हावर दोन टिंबे दिली की ग होतो, म्हणून तेही पुसा. ट वर्ग नाही, तो पुसा. ङ, ञ पुसा. ल नाही, जपानी माणूस र आणि ल यांत फरक करीत नाही. शेवटचे श, ष, स, ह, ळ काढा. फळ्यावर काय उरले? क, च, त, न, प, म, य, र, व.

आणि जपानी मुले म्हणतात : क, स, त, न, ह, म, य, र, व.

नवांपैकी सात जागच्या जागी! हुशार मुलगा लगेच हात वर करील : "गुरुजी, पण च-च्या जागी स आणि प-च्या जागी ह का?" शाबास म्हणा त्याला. भाषापंडितांनीही हाच प्रश्न विचारला. ह-चे उत्तर तक्त्यातच आहे. क-वर टिंबे दिली की ग, त-वर दिली की द. मग ह-वर दिली की काय व्हावे? होतो ब! आता ब हा कोणाचा भाऊ? प-चा. म्हणजे एके काळी या ओळीचा उच्चार प होता, ओठांचा. तक्ता तसाच राहिला आणि तोंड बदलले. मधली पायरी फ-ची. १६०३ साली नागासाकी येथे ख्रिस्ती पाद्र्यांनी जपानी-पोर्तुगीज कोश छापला, त्यात आजच्या 'हाना' म्हणजे फूल या शब्दाचा उच्चार 'फाना' असा लिहिलेला आहे. (हे पाद्री गोव्याच्याच वाटेने जपानात गेले होते, आणि त्यांच्याच संघातल्या फादर स्टीफन्सने १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण छापले, हे जाता जाता सांगतो.) प-चा ह होणे आपल्या शेजारीही घडले आहे. तमिळात दुधाला 'पाल' म्हणतात, जुन्या कानडीतही 'पाल'च होते, आजच्या कानडीत 'हालु'. सोलापूर-कोल्हापूरकडच्या माणसाला हे सांगावे लागणार नाही. स-विषयी असाच तर्क आहे की तो पूर्वी च-च्या जवळपास उच्चारला जात असावा.

मात्र इथे एक सावधगिरी. हे ऐकून काहींना भरते येते आणि 'सारे काही आपल्याकडूनच गेले' असे ते सांगत सुटतात. तसे नाही. जपानी आणि मराठी या एका कुळातल्या भाषा नव्हेत. चिन्हे चीनकडची, भाषा त्यांची स्वतःची, आपला आहे तो क्रम. आणि तो क्रमही जपान्यांनी शेकडो वर्षे सर्रास वापरला नाही. त्यांच्याकडे 'इरोहा' नावाची एक जुनी कविता होती. तिच्यात प्रत्येक चिन्ह एकदाच येते, आणि मुले तीच पाठ करीत. ओत्सुकी फुमिहिको याने १८८९ ते १८९१ या काळात 'गेन्काई' हा मोठा कोश छापला, त्यात शब्द पन्नास ध्वनींच्या क्रमाने लावले. आज कोश, याद्या, शाळेचे पट, सगळीकडे तोच क्रम आहे.

हिरागानाची दुसरी एक बाजू बायाबापड्यांनी ऐकण्यासारखी आहे. त्या काळी जपानातले विद्वान पुरुष चिनी भाषेत लिहीत, आपल्याकडचे संस्कृतात लिहीत तसेच. सोप्या हिरागानाला 'बायकी अक्षर' म्हणत. पण त्याच अक्षरात अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या बाईने गेंजीची कथा लिहिली, आणि जगातल्या थोर कादंबऱ्यांत तिची गणना होते. आपल्याकडे महानुभाव पंथातल्या महदाईसेने धवळे रचले, तेही पंडितांच्या भाषेत नव्हे, घरच्या मराठीत.

असो. क्रम कळला, पण भाषा? तिथेही मराठी मुलाला अनपेक्षित मदत होते. आसनगावला लोकल पकडणाऱ्या मुलाचे हे वाक्य पाहा :

आसनगाव कारा कल्याण मादे देन्शा दे इकिमास.

कारा म्हणजे हून, मादे म्हणजे पर्यंत, देन्शा म्हणजे विजेची गाडी, दे म्हणजे ने, इकिमास म्हणजे जातो. आसनगावहून कल्याणपर्यंत गाडीने जातो. शब्दाखाली शब्द ठेवा, एकही इकडचा तिकडे करावा लागत नाही. इंग्रजीत हेच सांगायला वाक्य उलटेपालटे करावे लागते, आणि तिथेच आपली मुले अडखळतात. 'मी' म्हणण्याचीही गरज नाही, आपण तरी कुठे दरवेळी म्हणतो? जातो की जाते हा भेद नाही, मुलगा बोलो की मुलगी, इकिमास एकच. आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी काय लावायचे? 'का'! इकिमास का? जाता का? हा निव्वळ योगायोग आहे, नाते जोडू नका. पण योगायोगाने काम सोपे होत असेल तर ते घ्यावे.

उच्चारातही असेच. त-च्या ओळीत त, चि, त्सु, ते, तो असे म्हणतात. हा 'त्सु' पुष्कळ परदेशी विद्यार्थ्यांना छळतो. आपण 'चूल' म्हणताना जो च काढतो, 'चहा'तला नव्हे, तोच तो. आपल्या आजीने शिकवलेला.

आता कठीण बाजू झाकून ठेवली तर ती फसवणूक होईल. हिरागानाची शेहेचाळीस चिन्हे महिन्याभरात येतात, काताकानाची तितकीच आणखी महिन्याभरात. पण त्यापुढे चिनी चित्राक्षरे उभी आहेत. जपानी मूल सहा वर्षांच्या प्राथमिक शाळेत १०२६ अक्षरे शिकते. सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेली यादी २१३६ अक्षरांची आहे. एकाच अक्षराचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार. तिथे कोणतीही वर्णमाला मदतीला येत नाही, तिथे रोज वही काढून गिरवावे लागते. दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाबद्दल जरा बेफिकीर असतो. जपानात ही बेफिकिरी केली तर पन्नाशीच्या बाईला आजी म्हणून बसाल.

शिकावे कुठे? पुण्यात विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात. जपानीची पाच पायऱ्यांची परीक्षा आहे, एन-५ सर्वांत खालची, आणि ती मुंबई-पुण्यास देता येते. आरंभी सांगितलेल्या कामांसाठी निदान एन-४ किंवा तिच्या बरोबरीची दुसरी ठरलेली परीक्षा लागते. शहापूरच्या मुलाला लोकल आहे, मुरबाडच्या मुलाला आधी एस.टी.ने कल्याण गाठावे लागते. रोजच्या शिकवणीला ते परवडत नाही, हे मी जाणतो. म्हणून पहिले दोन महिने गावातच काढावेत, तक्ता आणि वही घेऊन. एवढ्यासाठी दलालाला पैसे मोजू नयेत. 'भाषा येत नसली तरी जपानला पाठवतो' असे कोणी सांगू लागला, तर तो खोटे बोलतो आहे असे खुशाल समजा. परीक्षा चुकत नाही.

तेव्हा गुरुजी, बाई, एखाद्या शनिवारी सकाळी फळ्यावर पाच उभी आणि दहा आडवी घरे आखा. वर अ, इ, उ, ए, ओ. बाजूला क, स, त, न, ह, म, य, र, व. रोज एक ओळ म्हणून घ्या, आपण बाराखडी घोकून घेतो त्याच चालीवर. चिन्हे गिरवताना आधी सोपी घ्या. 'हे'चे चिन्ह म्हणजे कौलारू छपराची नुसती रेघ, 'त्सु' म्हणजे पडलेला गळ.

तक्ता भरून झाला की काही घरे रिकामी राहतील. य-च्या ओळीत य, यु, यो एवढीच अक्षरे, मधली दोन घरे मोकळी. व-च्या ओळीत तर एक व आणि शेवटचा ओ. मुले विचारतील की इथे काय होते. य-च्या ओळीतला 'ये' दहाव्या शतकाच्या सुमारास साध्या 'ए'मध्ये मिसळून गेला, असे सांगा. व-च्या ओळीतले 'वि' आणि 'वे' उच्चारातून केव्हाच गेले होते, पण लिहिण्यात टिकून होते. १९४६ साली जपान सरकारने लेखनाचे नियम बदलले, तेव्हा त्यांना रजा मिळाली. सगळ्यांत शेवटी, तक्त्याच्या बाहेर, एकटा 'न्' उभा असतो. त्याला कोणत्याच ओळीत जागा मिळाली नाही. तो आपल्या अनुस्वाराचे काम करतो.